'आपोआप' म्हणजे कोण नेणार ही गाठ? : हाड बांधणाऱ्या आणि हाड पोखरणाऱ्या पेशींची गोष्ट

भाचा आठ वर्षांचा असताना सायकलवरून पडला आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, प्लास्टर काही घातलं नाही. हात गळ्यात अडकवायला झोळी दिली आणि तीन आठवड्यांनी बोलावलं. तीन आठवड्यांनी दुखणं थांबलं होतं, पण मोडल्या जागी सुपारीएवढी टणक गाठ आली होती. शर्टाच्या गळ्यातून दिसायची. माझी आई, म्हणजे त्याची आजी, सोबत होती. तिने घाबरतच विचारलं, "हाड वाकडं जुळलं का हो?" डॉक्टर म्हणाले, "नाही आजी, मुलांचं असंच जुळतं. वर्षभरात ही गाठ आपोआप जाईल."

रिक्षात बसल्यावर आई मला म्हणाली, "आपोआप म्हणजे कोण नेणार ती? दगडासारखी लागतेय हाताला."

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. उत्तर मला माहीत होतं, पण रिक्षात दोन वाक्यांत ते सांगता आलं नाही. आईचा प्रश्न अगदी नेमका होता. दगडासारखी वस्तू आपोआप जात नाही, ती कुणीतरी फोडून न्यावी लागते. आपल्या शरीरात ते काम करणारं कुणीतरी आहे, आणि ते या क्षणीही काम करतंय, तुमच्या-माझ्या प्रत्येक हाडात.

हाड म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते मेलेलं हाड. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातला सांगाडा, नाहीतर जेवणानंतर ताटात उरलेली नळी. जिवंत हाड असं कोरडं-पांढरं नसतं. ते ओलसर असतं, फिकट गुलाबी असतं, त्यातून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. मोडलं तर त्यातून रक्त येतं. हे वर्गात नुसतं सांगून पटत नाही, म्हणून दरवर्षी मी दोन हाडं घेऊन जाते. एक कोंबडीच्या तंगडीचं, स्वच्छ करून चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवलेलं, व्हिनेगर रोज बदलून. दुसरं तसंच, पण निखाऱ्यात पांढरं होईपर्यंत भाजलेलं. दोन्हींचा आकार मूळ हाडासारखाच दिसतो. पहिलं हातात घेतलं की रबरासारखं वाकतं. दुसरं बोटांनी दाबलं की त्याचा खडूसारखा चुरा होतो. मुलं ते वाकणारं हाड एकमेकांच्या हातात देत राहतात, तास संपला तरी.

व्हिनेगरने हाडातलं खनिज विरघळवून टाकलेलं असतं, उरतं ते कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं विणकाम. आगीने विणकाम जाळलेलं असतं, उरतं ते खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत कारवीचा कूड ज्यांनी पाहिला आहे त्यांना हाडाची रचना लगेच कळेल. आधी कारवीच्या काठ्यांचं विणकाम उभं राहतं, मग त्यावर माती-शेणाचा गिलावा चढतो. नुसती कारवी वाकते, नुसता गिलावा तडकतो, दोन्ही मिळून भिंत होते. हाडही तसंच, आधी विण आणि मग गिलावा.

हा कूड उभारणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट म्हणतात आणि तो पाडणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट. ही नावं विद्यार्थी हमखास उलट लक्षात ठेवतात, कारण ब्लास्ट म्हटलं की त्यांना स्फोट आठवतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे कोंब. मराठी परिभाषेत ऑस्टिओब्लास्टला अस्थिकोरक म्हटलं जातं, त्यातला कोरक म्हणजे कळी. क्लास्ट म्हणजे मोडणारा. तिसरी पेशी आहे ऑस्टिओसाइट, तिच्याकडे नंतर येऊ. ती उशिरा कळली आणि सगळ्यात मोठं काम तीच करते असं निघालं. पुढे मी सोयीसाठी त्यांना बांधणारी, खोदणारी आणि राखणदार म्हणणार आहे.

हाड वाढतं हे आपल्याला मुलांच्या आखूड झालेल्या पँटवरून दिसतं. पण ते वाढतं कुठे? मधून ताणलं जातं, की टोकाला? स्टीफन हेल्स या इंग्लंडमधल्या धर्मोपदेशकाने 1727 साली छापलेल्या पुस्तकात याचं उत्तर दिलं. कोंबडीच्या अर्धवट वाढलेल्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला त्याने अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन बारीक भोकं पाडली. दोन महिन्यांनी हाड इंचभराने वाढलं होतं, आणि भोकांमधलं अंतर होतं तितकंच होतं. म्हणजे वाढ टोकाकडे होत होती. आज आपल्याला माहीत आहे की लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक चकती असते. तिथल्या पेशी विभागत, फुगत कूर्चा वाढवत राहतात आणि मागून बांधणाऱ्या पेशी त्या जागी हाड उभं करत येतात. किशोरवय संपता संपता ही चकती पूर्ण हाडाची होऊन जाते आणि उंची थांबते.

त्याहून मोठा शोध जेवणाच्या ताटात लागला. 1736 साली जॉन बेल्चियर हा लंडनचा सर्जन एका कापड छापणाऱ्याच्या घरी जेवायला गेला होता. ताटात डुकराचं मांस होतं आणि त्यातली हाडं लालभडक होती. चौकशी केल्यावर कळलं की रंगाच्या हौदातला मॅडर मिसळलेला कोंडा डुकरांना खायला घालत. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपातली सख्खी बहीण, दोघी एकाच वनस्पतिकुळातल्या आणि एकाच प्रजातीगटातल्या. तिच्या मुळातला रंग कॅल्शियमला धरून बसतो, आणि तोही त्या त्या वेळी नव्याने बनणाऱ्या हाडात. हे कळल्यावर फ्रान्समध्ये द्युहामेल द्यू मोन्सो याने प्राण्यांना काही दिवस मॅडर दिलं, काही दिवस बंद केलं, परत दिलं. हाड कापून पाहिल्यावर त्यात लाल-पांढरी वलयं निघाली, झाडाच्या खोडात असतात तशी. आणि एक गोष्ट ध्यानात आली. आधी हाडाच्या बाहेरच्या कडेला असलेलं लाल वलय काही काळाने आत, मज्जेच्या पोकळीजवळ दिसायचं, आणि आणखी काही काळाने नाहीसं व्हायचं. पुढे जॉन हंटर या स्कॉटिश शल्यविशारदानेही हाच धागा धरला. हाड बाहेरून चढतं आणि आतून उतरतं. बाळाच्या मांडीचं हाड आईच्या करंगळीएवढं असतं. ते नुसतं बाहेरून भर घालत वाढवलं असतं तर मोठेपणी आपल्याला भरीव, जडच्या जड हाडं वागवावी लागली असती. आतून कोरलं जातं म्हणूनच ते नळीसारखं राहतं, हलकं आणि तरीही भक्कम.

मला हा इतिहासाचा भाग फार आवडतो, कारण हाड बांधणारी-पाडणारी पेशी कुणी ओळखलेली नसताना, नुसत्या रंगाच्या वलयांवरून या माणसांनी ओळखलं की हाडात बांधणं आणि पाडणं एकाच वेळी चालू असतं. पाडणारी पेशी प्रत्यक्ष ओळखून तिला ऑस्टिओक्लास्ट हे नाव देण्याचं काम स्विस शास्त्रज्ञ कोलिकर याने 1873 साली केलं.

ही खोदणारी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी अशीच आहे. साध्या पेशीत एक केंद्रक असतं, हिच्यात पाच, दहा, कधी वीस. कारण ती अनेक पेशींनी एकमेकींत विरघळून बनलेली असते. हाडाच्या पृष्ठभागावर ती पाण्याच्या ग्लासवर उपडी वाटी ठेवावी तशी बसते, आणि कडा घट्ट चिकटवते. खाली एक बंदिस्त जागा तयार होते. त्या जागेकडचा तिचा पडदा झालरीसारखा चुण्याचुण्यांचा असतो, म्हणजे थोड्या जागेत भरपूर पृष्ठभाग. त्या झालरीतून ती आम्ल सोडते: हायड्रोक्लोरिक आम्ल, आपल्या जठरात असतं तेच. माझ्या व्हिनेगरच्या बाटलीत चार दिवस जे घडतं ते इथे घडतं, गिलावा विरघळतो. पण व्हिनेगर विण तोडू शकत नाही, म्हणून माझं हाड रबरासारखं उरतं. या पेशीकडे त्यासाठी वेगळं हत्यार आहे. कॅथेप्सिन-के नावाचं एक विकर ती सोडते आणि ते कोलॅजनचे धागे कातरून टाकतं. मग सुटलेला माल, कॅल्शियम, फॉस्फेट, प्रथिनांचे तुकडे, ती एका बाजूने आत ओढते आणि पाठीवरून बाहेर, रक्ताकडे सोडते. मागे राहतो एक उथळ खड्डा. कडा सोडून ती पुढे सरकते, परत चिकटते, परत खणते. तिचं आयुष्य असतं जेमतेम दोनेक आठवड्यांचं.

भाच्याच्या गळ्यावरची गाठ नेणारी ती हीच.

मोडलेलं हाड जुळताना शरीर आधी घाई करतं. मोडल्या जागी रक्त साकळतं, त्यात कूर्चेचा मऊ पूल तयार होतो, मग त्या पुलाचं घाईघाईने विणलेलं, ओबडधोबड हाड होतं. गरजेपेक्षा जाड, चारी बाजूंनी लिंपलेलं. ती गाठ. त्यानंतर महिनोन्‌महिने खोदणाऱ्या पेशी ते जादाचं काढतात आणि बांधणाऱ्या पेशी नीट ओळीत लावलेलं पक्कं हाड घालतात. मुलांत हे इतकं छान होतं की पुढे एक्स-रेमध्येही जुनी जागा शोधावी लागते.

पण मोडलेलं नसताना, वाढ थांबल्यावर, चांगलं-भलं हाड का उकरायचं? रोज चालताना, उतरताना, ओझं उचलताना हाडात केसाहून बारीक तडे पडत असतात. कुडाच्या भिंतीला दरवर्षी ठिकठिकाणी उकरून नवा गिलावा देतात, तशी ही डागडुजी. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी बदलला जातो, म्हणजे दहा वर्षांपूर्वीचं तुमचं हाड आज बरंचसं वेगळं आहे. दुसरं कारण रक्ताचं. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम, साधारण एक किलो, हाडांत असतं. उरलेल्या थोडक्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश चालतात. ते जरा कमी झालं तर चालत नाही. मग मानेत, थायरॉइडच्या मागे असलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी पॅराथायरॉइड संप्रेरक सोडतात, आणि हाडाच्या साठ्यातून कॅल्शियम काढलं जातं. आहारातून महिनोन्‌महिने कमी मिळालं तरी रक्ताचा हिशेब शरीर बिघडू देत नाही. तूट हाडाच्या खात्यावर पडते. म्हणूनच रक्तातलं कॅल्शियम तपासून ते नॉर्मल आलं याचा अर्थ हाडं भक्कम आहेत असा होत नाही. हे मी ओळखीच्या कितीतरी बायकांना सांगत आले आहे.

खोदणारी पेशी नसती तर काय, याचं उत्तर एका दुर्मीळ आजारात मिळतं. जर्मन डॉक्टर आल्बर्स-शोनबेर्ग याने 1904 मध्ये वर्णन केलेल्या या आजारात हाडं एक्स-रेवर संगमरवरासारखी पांढरीशुभ्र आणि घट्ट दिसतात. पण ती सहज मोडतात, कारण जुनं काही निघतच नाही. बाळांत होणारा प्रकार तर जीवघेणा. मज्जेला जागा उरत नाही म्हणून रक्त बनत नाही, कवटीतली छिद्रं अरुंद होऊन नजर जाते. या आजारानेच एक जुनं कोडं सोडवलं. खोदणाऱ्या पेशी येतात कुठून? 1980 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी वृत्तांतात अशा एका तान्ह्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली होती. तिची हाडं कोरली जाऊ लागली. तपासणीत दिसलं की तिच्या हाडातल्या खोदणाऱ्या पेशींमध्ये वाय गुणसूत्र आहे, म्हणजे त्या भावाच्या आहेत. बांधणाऱ्या पेशी मात्र तिच्या स्वतःच्याच होत्या. दोन कामगार, दोन वेगळी घराणी. खोदणारी पेशी रक्ताच्या घराण्यातली, जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींची जवळची नातेवाईक. बांधणारी पेशी दुसऱ्या घराण्यातली, जिथून कूर्चा आणि चरबीच्या पेशीही निघतात.

बांधणारी पेशी एकटी फारसं काही करत नाही. तिच्यासारख्या शेजारी शेजारी रांगेत बसतात आणि खड्ड्याच्या तळापासून थर चढवत येतात. आधी कोलॅजनचं कच्चं हाड, आणि दहा-पंधरा दिवसांनी त्यावर खनिजाचा गिलावा. गिलाव्यासाठी कॅल्शियम हवं आणि ते आतड्यातून आत घ्यायला ड जीवनसत्त्व हवं. ते नसेल तर विण होते, गिलावा होत नाही, आणि पोराचे पाय धनुष्यासारखे वाकतात. तोच आपला मुडदूस. काम संपलं की बांधणाऱ्या पेशींपैकी बऱ्याच मरून जातात, काही हाडाच्या पृष्ठभागावर चपट्या होऊन पडून राहतात, आणि काही आपणच घातलेल्या गिलाव्यात गाडल्या जातात. त्या गाडलेल्यांकडे येतेच.

इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक खड्डा खोदायला लागतात दोन-तीन आठवडे. तो भरायला तीन-चार महिने. पाडणं लवकर होतं, बांधायला वेळ लागतो, हे गवंड्याला सांगावं लागत नाही. म्हणून एकाच वेळी किती ठिकाणी खणणं चालू आहे यावर सगळं अवलंबून असतं. ठिकाणं वाढली की अर्धे भरलेले, उघडे खड्डे वाढतात, आणि भरणारी पेशी कितीही नेटाने काम करत असली तरी हाड पातळ होतं.

मग खणायला सांगतं कोण? इथे शास्त्रज्ञ बरीच वर्षं अडले होते. पॅराथायरॉइड संप्रेरक वाढलं की हाड खणलं जातं हे माहीत होतं. पण खोदणाऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांना हे संप्रेरक दिलं तर त्या ढिम्म. त्यांच्याजवळ बांधणाऱ्या पेशी ठेवल्या की मात्र कामाला लागायच्या. 1981 मध्ये रोडान आणि मार्टिन या दोघांनी म्हटलं की संप्रेरकाचा निरोप बांधणाऱ्यांच्या घराण्यालाच पोचत असणार, आणि तेच खोदणाऱ्यांना हाक देत असणार. जो बांधतो तोच पाडायला बोलावतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण ते खरं निघालं. 1997 मध्ये अमेरिकेतली अ‍ॅमजेन आणि जपानमधली स्नो ब्रँड या दोन कंपन्यांच्या शास्त्रज्ञांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, खणणं थांबवणारं एक प्रथिन सापडलं. त्यातली स्नो ब्रँड ही दूधदुभत्याच्या धंद्यातली कंपनी. त्या प्रथिनाचं नाव पडलं ऑस्टिओप्रोटेजेरिन, म्हणजे हाडाचा रक्षक. पुढच्याच वर्षी ते प्रथिन ज्याला अडवतं तो निरोपही सापडला. त्याचं नाव रँक-एल. बांधणाऱ्यांच्या घराण्यातल्या पेशी रँक-एल पुढे करतात, रक्तातून आलेल्या कोवळ्या पेशी तो झेलतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांची खोदणारी पेशी होते. रक्षक प्रथिन मध्येच तो निरोप पकडतं. किती निरोप सुटले आणि किती वाटेत पकडले गेले, यावर खणणं ठरतं.

निरोप उलट दिशेनेही जातो. हाड घडताना त्याच्या विणीत वाढीची काही प्रथिनं बंद करून ठेवलेली असतात. खोदणारी पेशी हाड विरघळवते तेव्हा ती सुटी होतात आणि बांधणाऱ्या पेशींना त्याच खड्ड्याकडे बोलावतात. मागची पिढी जणू भिंतीतच मजुरी ठेवून गेलेली असते.

आता ती गाडली गेलेली पेशी, राखणदार. हाडातल्या पेशींपैकी 90 टक्क्यांहून अधिक याच असतात. प्रत्येक जण एकेका इवल्या कोठडीत, पण तिला अनेक लांब बारीक हात असतात, आणि ते हात केसाहून बारीक बोगद्यांतून शेजारणींच्या हातांना भिडलेले असतात. बोगद्यांत पाणी असतं. आपण पाऊल टाकलं की हाड अगदी नकळत दबतं, बोगद्यांतलं पाणी हलतं, आणि राखणदाराला कळतं की इथे भार येतोय. बांधणारी पेशी तीनेक महिने जगते, राखणदार वर्षानुवर्षं, काही तर दशकानुदशकं. खोदणाऱ्यांना बोलावणारा रँक-एल मोठ्या माणसाच्या हाडात मुख्यतः हीच सोडते, हे तर 2011 मध्ये कळलं. बांधकाम थांबवणारं एक प्रथिनही तिच्याकडे असतं: स्क्लेरोस्टिन. भार आला की ती ते कमी करते आणि बांधकाम सुरू होतं. भार गेला की वाढवते.

स्क्लेरोस्टिनचा पत्ता लागला तो दक्षिण आफ्रिकेत, डच वंशाच्या काही कुटुंबांत. त्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच बनत नाही. त्यांची हाडं इतकी दाट की सहसा मोडत नाहीत, पण कवटी आणि जबडा वाढतच राहतो, चेहऱ्याच्या आणि कानाच्या नसा दाबल्या जातात. 2001 मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. लगाम नसलेलं बांधकामही किती त्रास देतं ते या माणसांनी सोसलं, आणि त्यांच्यामुळे जगभरच्या ठिसूळ हाडांच्या माणसांसाठी एक औषध निघालं. त्याला 2019 मध्ये मान्यता मिळाली.

भार नसेल तर काय होतं हे अंतराळवीरांच्या शरीरात दिसतं. तरंगत राहणाऱ्या माणसाच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने विरळ होतं. खाणं-पिणं, कॅल्शियम सगळं मोजून दिलेलं असतानाही. म्हणून नाचणीची भाकरी खावी, दूध घ्यावं, हे अगदी खरं. नाचणीत 100 ग्रॅममागे 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण ते गिलाव्याचं सामान झालं. बांधायचा हुकूम पायांवर भार आल्यावर सुटतो. चालणं, जिने चढणं, वजन उचलणं. पोहणं हृदयाला उत्तम, हाडाला मात्र त्याचा हुकूम फारसा पोचत नाही.

तिशीच्या आसपासपर्यंत आपलं हाड जमत जातं, पुढे थोडं थोडं उतरतं. बायकांत पाळी गेल्यावर उतार एकदम तीव्र होतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक खणण्याचा निरोप आवरून धरतं आणि खोदणाऱ्या पेशींना वेळेवर मरू देतं. ते गेलं की निरोप वाढतात, त्या पेशी जास्त दिवस जगतात, खड्डे खोल होतात. पहिल्या पाच-सात वर्षांत 20 टक्क्यांपर्यंत हाड जाऊ शकतं. मणके, मनगट, खुबा यांच्या आत जाळीदार हाड असतं, बारीक बारीक कमानींचं. पृष्ठभाग भरपूर, म्हणून खणणंही भरपूर. आणि एखादी कमान आरपार तुटली की ती परत बांधता येत नाही, कारण बांधणाऱ्या पेशींना बसायला तिथे काही उरतच नाही. आजी वाकत चालली, उंची कमी झाली, असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तिचा एखादा मणका आत दबलेला असतो, आणि ते वय झालं म्हणून कुणी बघितलेलं नसतं. याचं मला फार वाईट वाटतं. तपासणी आहे, औषधं आहेत.

माझी आई स्वतः त्यातलीच. ती आठवड्याची गोळी घ्यायची, दर रविवारी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही, दूध नाही. या जाचक वाटणाऱ्या नियमांना कारण आहे. ते औषध पोटातून एक टक्क्याहूनही कमी शोषलं जातं, चहा-दुधाबरोबर तेवढंही नाही, आणि अन्ननलिकेत अडकलं तर जखम करतं. रक्तात पोचलेलं औषध खनिजाला चिकटून बसतं. खोदणारी पेशी तिथे खणायला आली की ते तिच्या पोटात जातं आणि तिची ती झालर लुळी पडते. खणणं मंदावतं, उघडे खड्डे भरत येतात. पण दोघींची जोडी लक्षात घ्या: खड्डे कमी पडले की बांधणाऱ्यांना बोलावणंही कमी जातं. फार वर्षं असं राहिलं तर बारीक तडे दुरुस्त व्हायचे राहतात आणि क्वचित मांडीचं हाड वेगळ्याच जागी मोडतं. म्हणून काही वर्षांनी, धोका कमी असेल तर, डॉक्टर गोळीला विश्रांती देतात.

सहा महिन्यांनी घ्यायचं एक इंजेक्शनही आहे, 2010 मध्ये मान्यता मिळालेलं. ते रँक-एलला वाटेतच पकडतं, रक्षक प्रथिनाचं काम करतं. त्याबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ते हाडात साठत नाही. मनाने बंद केलं किंवा पुढचा डोस बराच लांबला, तर थोपवून धरलेलं खणणं एकदम उसळतं आणि एकाच वेळी अनेक मणके दबल्याची उदाहरणं आहेत. बंद करायचं तर डॉक्टरांना विचारून, त्याजागी दुसरं औषध सुरू करूनच.

पाच वर्षं झाल्यावर डॉक्टरांनी आईची गोळी थांबवली तेव्हा ती धास्तावली. घरी येऊन म्हणाली, "आता त्या खोदणाऱ्या परत जाग्या होणार ना गं?"

"होतील, पण हळूहळू. औषध हाडात मुरलंय तुझ्या. त्या जिथे खणतील तिथलं थोडं थोडं सुटत राहील, आणि त्यांना परत आवरेल."

"किती दिवस?"

"काही वर्षं. तोवर दोन वर्षांनी परत तपासणी."

भाचा शेजारीच बसून पुस्तक वाचत होता. तिने त्याला जवळ ओढलं, शर्टाचा गळा बाजूला करून बोटांनी चाचपलं, आणि मग दुसऱ्या बाजूलाही चाचपलं. "कुठली बाजू रे होती तुझी?" तिने विचारलं.